ऊस हंगामातील रस्ता : हळू चालणाऱ्याने आणि वेगाने जाणाऱ्याने एकमेकांना कसे सांभाळावे

या मासिकातून आपण बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याचे व्यवस्थापन अशा विषयांवर नेहमी वाचता. आज विषय थोडा वेगळा आहे. ऊस शेतातून निघाल्यापासून काट्यावर पोहोचेपर्यंत जो रस्ता तुडवतो, त्या रस्त्यावरच्या वागणुकीबद्दल हा लेख आहे. पिकाच्या लागवडीपासून तोडणीपर्यंत आपण जी काळजी घेतो, ती बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर आल्यावर संपत नाही. तेथे तर प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम चालतो. सातारा जिल्ह्यात भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, यशवंतनगरचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा. सांगली जिल्ह्यात साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, सांगलीचा वसंतदादा, असे कारखाने कृष्णा-कोयनेच्या या पट्ट्यात एकमेकांजवळ उभे आहेत. त्यामुळे हंगामात पेठनाका-आष्टा-सांगली, कराड-विटा, कराड-तासगाव या रस्त्यांवर आणि पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्यांवर बैलगाडी, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मालमोटार, एस.टी., मोटारसायकल आणि चारचाकी हे सर्व एकाच वेळी असतात. रस्ता एक आणि वेग मात्र अनेक. येथेच घोटाळा होतो.

एका रात्रीचा अनुभव

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात मी व पत्नी मोटारसायकलवरून कराड-तासगाव रस्त्याने गावाकडे चाललो होतो. रात्रीचे आठ वाजले असतील. समोरून येणाऱ्या गाडीने दिवा अप्परवरच ठेवला होता. डोळे दिपले आणि पुढचे काही दिसेना. तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध कोणीतरी पांढरे पोते हलवीत, "दादा, थांबा, थांबा!" असे ओरडत पळत आले. मी ब्रेक दाबले. गाडी थांबली तेव्हा पुढे तीन-चार हातांवर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती आणि वाढ्यांनी मागची फळी पूर्ण झाकली होती. पोते हलवणारी बाई ऊसतोड टोळीतली होती. तिच्या हातात युरियाचे रिकामे पोते होते.

मला राग आला. मी ट्रॅक्टरवाल्या पोराला फैलावर घेतले. तो म्हणाला, "सर, टायर बसला, बॅटरीही उतरली. मी तरी काय करू?" बोलता बोलता ऊस कुठला म्हणून विचारले, तर तो आमच्याच गावचा निघाला, आणि तोही माझ्या चुलत्यांच्या फडातला! त्या उसाला पाण्याच्या पाळ्या आणि खताचे हप्ते मीच सांगितले होते. दुपारी ट्रॉली भरताना चुलते स्वतः फडात उभे होते आणि "आजच्या आज काट्यावर गेली पाहिजे" असे त्यांनी बजावले होते. उसाचे वजन किती भरेल याचा अंदाज आम्ही सर्वांनी केला होता. ट्रॉलीला मागे दिवा आहे का, हे मात्र आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते.

त्या बाईचे आभार पत्नीने मानले. मला शब्द सुचले नाहीत. ज्या ट्रॉलीवर मी चिडलो, ती एका अर्थाने माझीच होती. रस्त्यावर हळू जाणारा आणि वेगाने जाणारा हे दोन वेगळे लोक नसतात. आज ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी उद्या मोटारसायकलवरून बाजाराला जातो. म्हणून हा धडा दोन्ही बाजूंनी शिकला पाहिजे.

वेगाचे साधे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. पुढे अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर चांगले असताना, गाडी थांबायला आणखी सुमारे २५ मीटर लागतात. एकूण झाले ५० मीटर. वेग ताशी ४० असेल तर हेच अंतर २८ मीटरच्या आसपास येते, आणि वेग ताशी ८० असेल तर ते ७५ मीटरच्या पुढे जाते. रस्ता ओला असेल किंवा त्यावर चिखल असेल तर त्याहूनही जास्त.

आता रात्रीचा विचार करा. डिपरवर दिव्याचा उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे ताशी ६० वेगाने जाणाऱ्याला बिनदिव्याची ट्रॉली दिसते, त्याच क्षणी त्याच्याकडचे अंतर संपत आलेले असते. येथे चालक कितीही हुशार असला तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट वेगातील फरकाची. भरलेली बैलगाडी ताशी ४ किलोमीटरने चालते. मागून ताशी ६० ने येणारे वाहन १०० मीटरवरून साडेसहा सेकंदांत तिच्यापर्यंत येते. समोरचे वाहन चालत आहे, असे समजून माणूस वेग कमी करीत नाही, आणि लक्षात येईपर्यंत गाडी जवळजवळ उभीच असल्यासारखी पुढ्यात येते.

तिसरी गोष्ट ओलांडण्याची. ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या मिळून लांबी सुमारे १८ मीटर धरा. त्याच्या मागे १५ मीटर, पुढे १५ मीटर अंतर आणि आपल्या मोटारीची लांबी ४ मीटर, असे ५२ मीटर आपल्याला ट्रॅक्टरपेक्षा जास्त कापायचे असतात. ट्रॅक्टर ताशी २० ने व आपण ताशी ६० ने असलो तर त्याला पावणेपाच सेकंद लागतात. तेवढ्यात आपण ७८ मीटर जातो आणि समोरून ताशी ६० ने येणारे वाहनही ७८ मीटर जवळ येते. म्हणून समोरचा किमान २०० मीटर रस्ता मोकळा हवा. ट्रॅक्टरच्या मागे रेंगाळून मग वेग घ्यायचा असेल तर ३०० मीटर. रस्ता तेवढा दिसत नसेल तर ओलांडू नये, इतका साधा हा नियम आहे.

आणि थांबल्याने नुकसान किती होते? ट्रॅक्टरच्या मागे २ किलोमीटर जावे लागले तर ६ मिनिटे लागतात. मोकळ्या रस्त्यावर २ मिनिटे लागली असती. तोटा ४ मिनिटांचा. बैलगाडीमागे २०० मीटर चालावे लागले तर तोटा ३ मिनिटांहूनही कमी. आडसाली उसासाठी आपण १६ ते १८ महिने थांबतो. सुरू उसासाठी वर्षभर थांबतो. रस्त्यावर ४ मिनिटे थांबणे आपल्याला जड का जावे?

हळू वाहन चालवणाऱ्यांसाठी

हळू जाणे हा गुन्हा नाही. रस्ता बैलगाडीचाही आहे आणि ट्रॅक्टरचाही. मात्र हळू जाणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात. एक म्हणजे मागच्याला आपण दिसलो पाहिजे, आणि दुसरे म्हणजे जमेल तेथे त्याला वाट दिली पाहिजे.

१) दिसणे : पूर्वी रात्री चालणाऱ्या गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाचे काम आज रेडियमची पट्टी करते. ट्रॉलीच्या व गाडीच्या मागील बाजूस दोन्ही कोपऱ्यांवर लाल पट्टी लावावी, म्हणजे मागच्याला रुंदीचा अंदाज येतो. पुढील बाजूस पांढरी पट्टी लावावी. पट्टी मधोमध एकच लावली तर ती मोटारसायकलचा दिवा समजली जाते. लोंबणारा ऊस व वाढे यांनी पट्टी झाकू देऊ नये. धूळ बसलेली पट्टी असून नसल्यासारखी असते, म्हणून रोज एकदा ओल्या फडक्याने पुसावी. बैलांच्या शिंगांनाही पट्टी लावता येते. त्यामुळे समोरून येणाऱ्याला गाडी ओळखू येते.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात १९६० च्या दशकात हळू चालणाऱ्या वाहनांसाठी एक त्रिकोणी फलक तयार करण्यात आला. मध्ये दिवसा उठून दिसणारा नारिंगी रंग आणि कडेला रात्री चमकणारी लाल किनार, अशी त्याची रचना आहे. तो दिसताच मागच्या चालकाला पुढचे वाहन हळू आहे हे दुरूनच कळते. आपल्या ट्रॉलीच्या मागे असा त्रिकोण लावण्यास फारसा खर्च येत नाही.

२) मागे तोंड केलेला शेतीचा दिवा : रात्री नांगरणीसाठी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड केलेला पांढरा दिवा असतो. रस्त्यावर तो बंद ठेवावा. मागच्याला तो थेट डोळ्यावर येतो आणि गाडी समोरून येते आहे की पुढे चालली आहे हेच कळत नाही.

३) ब्रेक : ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले शेतात वळण्यासाठी वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती एकत्र जोडलीच पाहिजेत. वेगळी राहिली आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. ट्रॉल्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात, म्हणून उतारावर मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये.

४) आवाज : ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावली की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि भरलेल्या ट्रॉलीमुळे मागचे दिसतही नाही. अशा वेळी चालक आंधळा आणि बहिरा दोन्ही होतो. रस्त्यावर असताना गाणी बंद ठेवावीत. दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे बसवावेत.

५) वाट देणे : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दुपदरी रस्त्यावर हळू वाहनामागे पाच किंवा अधिक वाहने अडकली, तर पुढे बाजूला घेण्यासारखी जागा येताच त्यांना वाट करून देणे कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही हळू वाहनाने मागे मोठी रांग साचू न देता सुरक्षित जागी थांबावे, असे सांगितले आहे. आपणही पाचाचा हा आकडा लक्षात ठेवावा. मागे पाच वाहने झाली की पुढच्या पंपावर, एस.टी. थांब्याजवळ किंवा गावाच्या तोंडाशी रुंद, टणक जागा पाहून बाजूला घ्यावे. दहा वाहनांची प्रत्येकी ४ मिनिटे वाचली तर ती ४० मिनिटे झाली. आपली जातात दोन.

मात्र मागचा हॉर्न वाजवतो म्हणून भरलेली ट्रॉली कधीही मऊ साइडपट्टीवर उतरवू नये. एका बाजूचे चाक खचले तर ट्रॉली उलटते. जागा टणक नसेल तर सरळ चालत राहावे.

६) दगड : चढावर किंवा बिघाड झाल्यावर चाकाला दगड लावतात आणि निघताना तो रस्त्यातच राहतो. रात्री मोटारसायकलस्वारासाठी हा दगड जीवघेणा ठरतो. दोरी बांधलेला लाकडी ठोकळा वापरावा. तो गाडीबरोबरच राहतो. बिघाड झालेल्या वाहनामागे ५० पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवावा. वरचे थांबण्याचे गणित पाहिले तर हे अंतर कमीत कमी आहे. जमल्यास त्याहून लांब ठेवावा आणि बॅटरी घेऊन एक माणूस उभा करावा.

७) चिखल : पावसाळ्यात व पाणी दिलेल्या रानातून निघताना चाकांना लागलेला काळा चिखल डांबरावर पडतो आणि रस्ता निसरडा होतो. बांधावर दोन मिनिटे थांबून फावड्याने चाके खरवडावीत. रस्त्यावर ज्वारी, सोयाबीन वाळत घालणे व मळणी करणे हेही टाळावे.

वेगाने जाणाऱ्यांसाठी

१) हॉर्न व दिवा : बैलांच्या जवळ जाऊन मोठा हॉर्न वाजवू नये. बैल बुजला तर तो कोठे वळेल हे गाडीवानालाही सांगता येत नाही, कासरा कितीही ओढला तरी दोन बैलांपुढे माणसाची ताकद कमी पडते. दुरूनच एक छोटा हॉर्न पुरेसा आहे. समोरून बैलगाडी येत असेल तर दिवा डिपर करावा. दिव्याने बैलाचेही डोळे दिपतात.

२) रुंद अंतर : ओलांडताना गाडीच्या चाकाला घासून जाऊ नये. हंगामात उसावर बायका-मुले बसलेली असतात, लहान मूल झोपलेलेही असते. टोळीतील माणसे गाडीच्या कडेने पायी चालतात. गाडीमागे बांधलेले वासरू अचानक बाजूला येते. किमान दीड मीटर अंतर ठेवावे.

३) गाडीवानाची अडचण समजावी : थांबलेली भरलेली गाडी पुन्हा ओढून चालू करताना बैलांना सर्वांत जास्त जोर लागतो. ट्रॅक्टरलाही तेच. म्हणून गाडीवान रस्ता सोडत नाही, याचा अर्थ तो उर्मट आहे असा नव्हे. दिवस उगवण्यापूर्वी उठून, ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून तो निघालेला असतो आणि काट्यावरही त्याचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो.

४) ओलांडून लगेच डावीकडे येऊ नये : अनेक वाहनचालक ट्रॅक्टरच्या तोंडासमोर येऊन ब्रेक लावतात. दोन ट्रॉल्यांचे वजन मागून ढकलत असताना ट्रॅक्टरला तेवढ्या अंतरात थांबता येत नाही. आरशात संपूर्ण ट्रॅक्टर दिसल्यावरच डाव्या बाजूला यावे.

५) ट्रॅक्टर उजवीकडे वळू शकतो : शेतरस्ता कोठे आहे हे आपल्याला माहीत नसते, त्याला असते. ट्रॅक्टरचा वेग अचानक कमी झाला तर तो आपल्याला वाट देत आहे असे लगेच गृहीत धरू नये. तो वळणारही असू शकतो.

खुणांची भाषा

आपल्याकडे मालमोटारीचा उजवा इंडिकेटर कधी "मी उजवीकडे वळतो आहे" असे सांगतो, कधी "समोरून वाहन येत आहे, ओलांडू नका" असे, तर काही चालक "खुशाल जा" म्हणूनही तोच लावतात. एकाच खुणेचे तीन अर्थ झाल्यावर अपघात होणारच. म्हणून आपण एक शिस्त पाळावी : इंडिकेटर फक्त वळण्यासाठीच लावावा.

मागच्याला हाताने "या, या" असे बोलावणेही टाळावे. समोरचा रस्ता आपल्याला दिसतो तसा त्याला दिसत नाही. तो आपल्या भरवशावर निघतो आणि त्याच्या वाहनाचा वेग आपल्याला माहीत नसतो. डावीकडे सरकावे, वेग थोडा कमी करावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. समोरून काही येत असेल तर मात्र हात आडवा करून जरूर थांबवावे.

वाट मिळाल्यावर हात वर करून आभार मानावेत. ही गोष्ट लहान वाटते, पण तिचा परिणाम पुढच्या वाहनापर्यंत पोहोचतो. ज्याला शिवी मिळाली तो पुढच्याला वाट देत नाही. ज्याला नमस्कार मिळाला तो देतो.

आपल्या भागात याचा सुंदर नमुना दरवर्षी पाहायला मिळतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने सातारा जिल्ह्यातून जाते. त्या दिवसांत त्या रस्त्यावर सर्वांत हळू चालणाऱ्याचा, म्हणजे पायी चालणाऱ्या वारकऱ्याचा मान पहिला असतो. वाहनवाला थांबतो, वळसा घेतो आणि हात जोडतो. तोच माणूस डिसेंबरमध्ये उसाच्या गाडीमागे पाच मिनिटे थांबायला तयार नसतो. वारीत जमते ते हंगामात का जमू नये?

ऊस मालकाची जबाबदारी

ट्रॉली भरून फडाबाहेर गेली की आपले काम संपले, असे आपण मानतो. ते बरोबर नाही. तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो आणि त्यातील साखरेचा उताराही कमी होतो, म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, ही आमची शिफारस आहे. परंतु या शिफारशीचा अर्थ ट्रॉली अंधारात बिनदिव्याने पळवावी, असा नाही. अर्ध्या तासाच्या उशिराने उसाचे जे नुकसान होईल ते हिशेबात धरण्यासारखेही नसते.

आपल्या फडातून वाहन निघण्यापूर्वी मालकाने पुढील पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात :

• मागचा दिवा लागतो का? दोन्ही कोपऱ्यांना लाल पट्टी दिसते का?
• ऊस बाजूने किंवा मागे लोंबत नाही ना? दोर घट्ट आहेत ना?
• ओझे दोन्ही बाजूंना सारखे व बेताचे आहे ना? जास्त ओझ्याने चढावर ट्रॅक्टर पुढून उचलतो.
• ट्रॉली जोडणीची पिन व तिची खिळी जागेवर आहे ना?
• चालक सज्ञान, परवानाधारक आणि शुद्धीवर आहे ना?

बैलगाडी असेल तर बैलांकडेही पाहावे. ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनुसार जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. थकलेला बैल रस्त्यात बसतो आणि तोच अडथळा होतो.

कायदा काय सांगतो

वाहन डाव्या बाजूने चालवावे व उजव्या बाजूने ओलांडावे, हे सर्वांना माहीत आहे. आपल्याला कोणी ओलांडत असताना आपण वेग वाढवू नये किंवा त्याला अडवू नये, हाही नियमच आहे. अरुंद चढावर खाली उतरणाऱ्याने थांबून वर चढणाऱ्याला वाट द्यावी. भरलेल्या ट्रॅक्टरच्या दृष्टीने हा नियम फार महत्त्वाचा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. "पोरगं ट्रॅक्टर झकास चालवतं" असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रुग्णवाहिकेस वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उसाची रांग लागली असताना रुग्णवाहिकेचा आवाज आला तर ट्रॉल्या एकाच बाजूला घेऊन थांबाव्यात.

अपघात झाल्यास

प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना थांबवावे, म्हणजे दुसरा अपघात होणार नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. जखमीला मदत केल्यास आपणच अडकू, ही भीती बाळगू नये. सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. चालकाला मारहाण करणे, गाडी पेटवणे यात जखमीची मोलाची मिनिटे जातात.

शेवटी

त्या रात्रीनंतर आमच्या गावात आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी गावात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी रेडियमच्या पट्ट्यांचे गुंडाळे आणले आणि फडाफडात जाऊन गाड्यांना व ट्रॉल्यांना पट्ट्या लावल्या. चुलते आता ट्रॉली निघताना मागे जाऊन उभे राहतात आणि "दिवा लाव बघू" म्हणून चालकाला सांगतात. दिवा लागल्याशिवाय ट्रॉली बांधाबाहेर पडत नाही. त्यांना हे कोणी शिकवले नाही. त्यांनी फक्त माझ्या पत्नीच्या तोंडून त्या युरियाच्या पोत्याची हकीगत ऐकली होती.

ती बाई पुन्हा भेटली नाही. टोळी पुढच्या गावाला गेली होती. दिवसभर ऊस तोडून थकलेली असताना अनोळखी माणसांसाठी ती अंधारात रस्त्यावर पळत आली. रस्त्यावरचे सौजन्य म्हणजे काय, हे तिने आम्हाला एका रिकाम्या पोत्याने शिकवले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदाच्या हंगामात पहिली ट्रॉली भरण्यापूर्वी लाल पट्टीचा एक गुंडाळा जरूर आणावा. आणि मोटारसायकलवर असताना पुढे उसाची गाडी दिसली, तर हॉर्नवरचा हात काढून वेग कमी करावा. त्या गाडीत कदाचित आपलाच ऊस असेल.